ना बॅटरी, ना वायर! मग टॅप केल्यावर कार्ड मशीनशी बोलतं कसं?

गेल्या महिन्यात मावशीबरोबर औषधांच्या दुकानात गेलो होतो. बिल झालं, मावशीनं पर्समधून एक चकचकीत पुडी काढली आणि सावकाश सोलायला लागली. मला वाटलं डब्यातली पोळी असेल. निघालं डेबिट कार्ड!

"मावशी, हे काय गं?"

"अरे, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलाय. गर्दीत एक माणूस मशीन घेऊन फिरतो, लोकांच्या खिशाला लावतो आणि पैसे कापून घेतो. तुला नाही आला?"

आला होता. तुम्हालाही आला असेल. वर्षातून दोनदा तरी तो नव्या गाण्यासकट फिरतोच.

गंमत म्हणजे मावशीची फॉइल शास्त्रानुसार अगदी बरोबर आहे. ती खरंच काम करते, का ते पुढे बघू. पण ज्या चोराला ती घाबरते, त्याचा धंदा चालणं फार अवघड आहे. आणि ज्या चोराचा धंदा खरोखर चालतो, त्याच्यापुढे फॉइल काहीच कामाची नाही, कारण तो तुमच्या मोबाईलमधून येतो. हा फरक कळायचा असेल तर कार्ड टॅप केल्यावर त्या अर्ध्या सेकंदात काय काय होतं ते बघावं लागेल.

कार्डाच्या पोटात

एक जुनं, बंद झालेलं कार्ड घ्या आणि अंधारात मोबाईलचा टॉर्च त्याच्यामागे धरा. कार्डाचा रंग फिका असेल तर कडेकडेनं जाणाऱ्या बारीक रेघा दिसतील. ती आहे धातूची बारीक तार, कार्डाच्या आतून काही वेढे घेऊन सोनेरी चौकोनापर्यंत पोचलेली. हाच अँटेना. गडद कार्डात दिसणार नाही, पण असतो.

तो सोनेरी चौकोन म्हणजे चिप नव्हे. ते फक्त स्पर्शाचे पत्रे आहेत, कार्ड मशीनमध्ये खोचल्यावर वीज घेण्यासाठी. खरी चिप त्याच्या मागे, तांदळाच्या दाण्याच्या आसपासची. पण तिला नुसती मेमरी समजू नका. तो एक छोटा कम्प्युटर आहे: प्रोसेसर आहे, मेमरी आहे, त्यावर चालणारे प्रोग्रॅम आहेत. कार्ड खोचलं काय, टॅप केलं काय, बहुतेक कार्डांत काम तीच चिप करते. दरवाजे फक्त दोन.

आता प्रश्न असा, की कम्प्युटर आहे तर वीज कुठून येते? बॅटरी तर नाही. कार्ड चार्जिंगला लावल्याचंही कुणी ऐकलेलं नाही.

वीज मशीनच देतं

१८३१ मध्ये मायकल फॅरडेनं दाखवलं की तारेच्या वेटोळ्याजवळचं चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं तर त्या तारेत आपोआप वीज निर्माण होते. स्पर्श लागत नाही. तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डीपीमध्ये हेच चालतं: एका वेटोळ्यातली वीज चुंबकीय क्षेत्राच्या मार्फत शेजारच्या वेटोळ्यात जाते. मोबाईलचं वायरलेस चार्जिंगही याच घराण्यातलं.

दुकानातल्या मशीनमध्ये (ज्याला आपण अजूनही स्वाइप मशीन म्हणतो, स्वाइप कुणी करत नसलं तरी) असंच एक वेटोळं असतं. दुकानदारानं रक्कम टाकून मशीन पुढे केलं की त्या वेटोळ्यातला प्रवाह १३.५६ मेगाहर्ट्झनं उलटसुलट व्हायला लागतो, म्हणजे सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा. तुम्ही कार्ड जवळ नेलं की कार्डातल्या तारेत वीज उत्पन्न होते. कार्डातलं वेटोळं याच आकड्याला जुळवलेलं असतं, रेडिओवर स्टेशन लावतात तसं, त्यामुळे थोड्याशा क्षेत्रातूनही ते पुरेशी ताकद गोळा करतं. मिळणारी वीज असते काही मिलिवॉट. एलईडी बल्बपुढे नगण्यच, पण चिपला तेवढी पुरते. तिचा कम्प्युटर सुरू होतो, काम करतो आणि कार्ड लांब नेलं की बंद पडतो. कार्डाचं आख्खं आयुष्य असं अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचं.

आता अंतराची गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण व्हायरल व्हिडिओ इथेच लंगडा पडतो. छोट्या वेटोळ्याचं क्षेत्र अंतराबरोबर फार पटकन मरतं. वेटोळ्याच्या आकाराच्या पलीकडे गेलात की अंतर दुप्पट केल्यावर क्षेत्र अर्धं नाही होत, साधारण आठव्या हिश्शावर येतं. तिप्पट केलं तर सत्ताविसाव्या. म्हणून कार्ड मशीनच्या चारेक सेंटिमीटर जवळ न्यावं लागतं. पाकीट, त्यातल्या नोटा, दुसरी दोन कार्डं, वर जीन्सचं कापड, एवढ्यातून चालत्या माणसाच्या खिशातलं कार्ड गाठायचं म्हणजे चोराला तुमच्या अंगालाच चिकटावं लागेल. गर्दीच्या लोकलमध्ये ते अशक्य नाही म्हणा.

आणि फॉइल? ॲल्युमिनियम विजेचं सुवाहक आहे. बदलतं चुंबकीय क्षेत्र फॉइलवर आलं की फॉइलमध्येच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरायला लागतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र मूळ क्षेत्राला विरोध करतं. कार्डापर्यंत काही पोचतच नाही. घरी करून बघा: मोबाईलच्या सेटिंगमध्ये एनएफसी असेल तर चालू करा आणि स्वतःचं कार्ड फोनच्या पाठीला लावा. फोन टुंग करेल किंवा थरथरेल. (नाही झालं तर कार्ड थोडं वर-खाली सरकवा, प्रत्येक फोनमध्ये अँटेनाची जागा वेगळी असते.) आता मध्ये फॉइल ठेवा. शांतता. मावशी जिंकली.

बोलतं कसं?

वीज मिळाली, पण उत्तर कसं देणार? कार्डात स्वतःचा ट्रान्समीटर चालवण्याएवढी ताकद नाही. इथे केलेली युक्ती मला सगळ्यात आवडते.

खालच्या मजल्यावर कुणी पाण्याची मोटर सुरू केली की आपल्या घरातला दिवा क्षणभर मंद होतो. दिवा बघून तुम्हाला कळतं की मोटर लागली. समजा शेजाऱ्यानं मोटर ठराविक तालात चालू-बंद केली, तर घरात बसल्या बसल्या दिव्याकडे बघून तुम्ही त्याचा निरोप वाचू शकाल.

कार्ड अगदी तेच करतं. मशीनकडून घेतलेल्या विजेवरचा भार ते झपाट्यानं कमी-जास्त करतं. त्यामुळे मशीनच्या वेटोळ्यात बारीक चढउतार होतात आणि मशीन ते शून्य-एक म्हणून वाचतं. म्हणजे कार्ड स्वतः ओरडत नाही, मशीनच्याच आवाजात थरथर निर्माण करतं. याला लोड मॉड्युलेशन म्हणतात. सुरुवातीचा वेग सेकंदाला १०६ किलोबिट, आजच्या इंटरनेटपुढे बैलगाडीच. पण निरोप असतात मोजक्या अक्षरांचे, त्यामुळे अर्ध्या सेकंदात सगळं आटपतं.

गुपित न सांगता ओळख पटवायची

आता खरा मुद्दा. दोघं बोलतात ते काय?

जुनं काळ्या पट्टीचं कार्ड आठवा. त्या पट्टीवर नंबर, मुदत वगैरे मजकूर कॅसेटसारखा कायमचा लिहिलेला असायचा. मशीनमधून घासलं की प्रत्येक वेळी तोच मजकूर बाहेर. चोरानं एकदा कॉपी केला की दुसऱ्या कोऱ्या पट्टीवर उतरवला, झालं डुप्लिकेट कार्ड. एटीएमच्या तोंडाला खोटं तोंड बसवणाऱ्या टोळ्या यावरच जगल्या.

चिपवाल्या कार्डाचे नियम ईएमव्ही या नावानं ओळखले जातात. युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा या तीन नावांची ही आद्याक्षरं. रुपे कार्डातही पद्धत याच धर्तीची. यात चिपच्या आत एक गुप्त चावी असते, खूप मोठा आकडा. ही चावी चिपमध्ये आहे आणि बँक तिच्याकडच्या सुरक्षित यंत्रात ती पुन्हा तयार करू शकते. मशीनला ती माहीत नाही. दुकानदाराला नाही. तुम्हालाही नाही. आणि मुख्य म्हणजे कार्ड ती कधीच, कुणालाच सांगत नाही.

मग ओळख कशी पटते? मशीन कार्डाला सांगतं: रक्कम एवढी, चलन ३५६ (हा भारतीय रुपयाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), तारीख ही, आणि हा घे माझ्या मनातला एक आकडा, आत्ताच्या आत्ता काढलेला. कार्डाकडे एक मोजणीयंत्र असतं, प्रत्येक व्यवहाराला एकनं पुढे सरकणारं. या सगळ्यावर कार्ड गुप्त चावी लावून एक हिशोब करतं आणि फक्त उत्तर देतं. त्या उत्तराला म्हणतात क्रिप्टोग्राम. बँक तोच हिशोब स्वतः करते. उत्तर जुळलं तर कार्ड अस्सल.

गंमत म्हणून छोटं उदाहरण करू. समजा गुप्त चावी ७३. रक्कम २४० रुपये, मशीनचा आकडा ५१, कार्डाची मोजणी ११२. बेरीज ४०३. गुणिले ७३ म्हणजे २९४१९. कार्ड शेवटचे तीन आकडे सांगतं: ४१९. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात पुन्हा २४० रुपयांचं बिल. पण आता मशीनचा आकडा ८६ आणि मोजणी ११३. बेरीज ४३९, गुणिले ७३ म्हणजे ३२०४७, उत्तर ०४७. कालचं ४१९ कुणी चोरून ऐकलं असेल तरी आज ते भंगारात. वरून, बँकेला जुनी मोजणी पुन्हा दिसली की ती लगेच सावध होते.

माझं ७३ चं कुलूप आठवीतला मुलगाही फोडेल. खऱ्या कार्डात गुणाकार नसतो, ट्रिपल डीईएस किंवा एईएससारखं एन्क्रिप्शन असतं, आणि त्यात उत्तरावरून चावीपर्यंत मागे जाणं व्यवहारात शक्य नाही. कल्पना मात्र हीच.

आणखी एक बारीक गोष्ट. तो 'बीप' म्हणजे पैसे कापले नव्हे. बीपचा अर्थ एवढाच की कार्ड वाचून झालं, आता काढून घ्या. त्यानंतर क्रिप्टोग्राम बँकेपर्यंत जातो, होकार येतो आणि मगच स्क्रीनवर मंजुरी दिसते. मध्येच नेट गेलं तर बीप होऊनही व्यवहार फसू शकतो. दुकानदार "परत टॅप करा" म्हणाला तर आधी स्क्रीन बघा, मोबाईलवरचा मेसेज बघा, मग हात पुढे करा.

मग गर्दीतल्या त्या माणसाचं काय?

समजा एकजण मशीन घेऊन खरोखर तुमच्या खिशाला चिकटला. भारतात पिनशिवाय टॅपची मर्यादा आधी २००० रुपये होती, १ जानेवारी २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनं ती ५००० केली. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तो ५००० पर्यंत कापू शकतो. पण मशीन हवेतून येत नाही. ते व्यापारी म्हणून नोंदणी करून, केवायसी देऊन मिळतं आणि पैसे त्या व्यापाऱ्याच्या बँक खात्यात जमा होतात. थोडक्यात, चोरानं चोरीआधी स्वतःची कागदपत्रं बँकेत जमा करायची. पहिल्या चार-पाच तक्रारींतच खातं गोठणार. बोगस कागदांवर खाती काढणारे आहेत, नाही असं नाही. पण तेवढी खटपट करून माणशी काहीशे रुपयांसाठी लोकलमध्ये धक्के खाण्यापेक्षा त्यांना सोपे धंदे उपलब्ध आहेत.

मशीनऐवजी त्यानं मोबाईल लावला तर? कार्डाचा नंबर आणि मुदत वाचता येते, हे खरं. पण मागे छापलेला तीन आकडी सीव्हीव्ही त्यातून मिळत नाही, आणि आपल्याकडच्या वेबसाइटवर ओटीपी लागतो. परदेशी साइट ओटीपी मागेलच असं नाही, म्हणून कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर लागत नसेल तर बंदच ठेवा.

खरं भोक कुठे आहे

ऑगस्ट २०२४ मध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीनं एनगेट नावाच्या अँड्रॉइड मालवेअरची माहिती जाहीर केली. प्रकार घडला होता चेक प्रजासत्ताकात, पण रीत वाचून आपल्याकडचे फोन आठवतील. लोकांना मेसेज आले, मग बँकेतून बोलतोय म्हणून फोन. तुमचं खातं धोक्यात आहे, हे ॲप टाका. ॲप प्ले स्टोअरवरचं नव्हे, लिंकवरचं. ॲपनं सांगितलं: एनएफसी चालू करा, पडताळणीसाठी कार्ड मोबाईलच्या पाठीला लावा, पिन टाका.

लोकांनी लावलं. त्या क्षणी त्यांचा मोबाईल मशीनचं सोंग घेत होता. कार्ड जे बोललं ते इंटरनेटवरून चोराच्या मोबाईलवर गेलं, आणि चोराचा मोबाईल एटीएमसमोर कार्डाचं सोंग घेऊन उभा होता. एटीएमनं विचारलं, प्रश्न घरातल्या कार्डापर्यंत गेला. कार्डानं अस्सल उत्तर दिलं, ते एटीएमपर्यंत आलं. पिन तर आधीच मिळालेला. पैसे बाहेर! यामागचं मूळ साधन एनएफसीगेट हे जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या तांत्रिक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासासाठी बनवलं होतं. चोरांनी ते उचललं.

इथे नीट बघा. कुलूप फुटलं नाही. गुप्त चावी चिपमध्येच राहिली, मोजणी बरोबर, क्रिप्टोग्राम खरा. बँकेच्या बाजूनं सगळं चोख. तुटलं ते फक्त एक गृहीतक: कार्ड आणि मशीन चार सेंटिमीटरवर आहेत हे. त्या चार सेंटिमीटरचे कित्येक किलोमीटर झाले, आणि कार्ड पाकिटातून काढून मोबाईलला लावलं कुणी? मालकानंच. फॉइल आधीच उघडलेली.

काही अस्सल ॲपही कार्ड फोनला लावायला सांगतात, उदाहरणार्थ मेट्रोचं कार्ड रिचार्ज करताना. ते ॲप तुम्ही स्वतः स्टोअरवरून, स्वतःच्या कामासाठी घेतलेलं असतं. फोनवरच्या अनोळखी माणसानं सुचवलेलं ॲप आणि त्यात "कार्ड पाठीला लावा" असं आलं, तर तिथेच फोन ठेवा.

याशिवाय दोन साधे धोके उरतात. एक, हरवलेलं कार्ड. ५००० पर्यंत पिन लागत नाही, म्हणजे सापडलेल्या माणसालाही लागत नाही. दुसरा, घाईत रक्कम न बघता टॅप करणं. ४५० च्या जागी ४५०० टाकलेले मी स्वतः एकदा भरलेत. दुकानदार भला होता, परत केले.

मावशीच्या फोनमध्ये आम्ही काय केलं

औषधाच्या दुकानाबाहेरच बाकड्यावर बसून बँकेचं ॲप उघडलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन, आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस, यातलं प्रत्येक चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय बँकेनं द्यावीच लागते. ॲपमध्ये कार्ड कंट्रोल किंवा मॅनेज कार्ड अशा नावाखाली ती सापडते. मावशीचं कॉन्टॅक्टलेस चालूच नव्हतं! नव्या कार्डात ते बंदच येतं, ग्राहकानं चालू केल्याशिवाय चालत नाही. म्हणजे इतके महिने ती बंद दाराला कुलूप लावत होती.

"मग आता काय करू?" मावशी.

तिला रोज दूध-भाजीला टॅप बरं वाटलं, म्हणून चालू केलं आणि मर्यादा १००० वर आणली. आंतरराष्ट्रीय बंद. बँकेच्या मेसेजची रिंगटोन वेगळी लावली, कारण घोटाळ्यात वेळच सगळ्यात महाग. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर काही भाग तुमच्यावर येऊ शकतो. पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून आधी कार्ड ब्लॉक, मग बँकेचा हेल्पलाइन नंबर, मग १९३०. रडारड नंतर.

तुम्ही कार्डाऐवजी फोननं टॅप करत असाल तर आणखी एक थर मिळतो. तिथे खरा कार्ड नंबर मशीनला जातच नाही. त्याऐवजी टोकन नावाचा बदली नंबर जातो, जो त्याच फोनपुरता चालतो. फोनला लॉक ठेवलेलं हवं, एवढीच अट. चार आकडी लॉक १२३४ ठेवणाऱ्यांशी मी बोलत नाहीये.

मेट्रो-बसचं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड मात्र थोडं वेगळं. फाटकावर बँकेला विचारत बसायला वेळ नसतो, म्हणून शिल्लक रक्कम कार्डाच्या चिपमध्येच साठवलेली असते आणि फाटक तिथूनच पैसे वजा करतं. बँकेला हिशोब नंतर कळतो. त्यामुळे ते पाकिटातल्या सुट्ट्या नोटांसारखं समजा: हरवलं की आतली शिल्लक गेली. त्यात महिनाभराचे पैसे एकदम भरून ठेवू नका.

आणि मुदत संपलेलं कार्ड कचऱ्यात टाकताना कात्री नुसती नंबरावरून फिरवू नका. सोनेरी चौकोनाचे दोन तुकडे करा, म्हणजे मागची चिपही जाते.